रोझलिंड फ्रँकलिन

तंबाखूच्या शेतात कधीकधी एखाद्या झाडाची पाने चितकबरी दिसू लागतात. हिरव्या पानांवर फिकट पिवळे पट्टे उमटतात, पाने आकसतात, झाडाची वाढ खुंटते आणि पाहता पाहता हा रोग साऱ्या शेतात पसरतो. हा तंबाखूचा केवडा रोग होय. 1892 साली इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने अशा रोगट पानांचा रस चिनी मातीच्या अतिशय बारीक गाळणीतून गाळून पाहिला. जंतू अडकून पडावेत इतकी ती गाळणी सूक्ष्म होती. तरीही गाळलेला रस निरोगी झाडाला लावताच त्याला रोग जडला. जंतूंहूनही लहान असे काहीतरी त्या रसात होते. पुढे त्याला विषाणू हे नाव मिळाले. 1935 साली स्टॅन्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने या विषाणूचे मिठासाखरेसारखे स्फटिक तयार करून दाखविले, तेव्हा तर जग चकितच झाले. रोग पसरविणारी, आपली संख्या वाढविणारी ही वस्तू सजीव म्हणावी की निर्जीव? तिची आतील रचना तरी कशी असेल? ही रचना ज्यांनी मोठ्या चिकाटीने उलगडली, त्यांत रोझलिंड फ्रँकलिन यांचे नाव अग्रभागी आहे.

रोझलिंडचा जन्म 25 जुलै 1920 रोजी लंडन येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. तिचे वडील एलिस फ्रँकलिन हे सावकारी पेढीचे भागीदार होते. दिवसभर पेढीवर काम करून ते संध्याकाळी कामगारांच्या महाविद्यालयात शिकवावयास जात. पाच भावंडांत रोझलिंड दुसरी. सहा वर्षांची असतानाच ही मुलगी केवळ करमणूक म्हणून गणिते सोडवीत बसे, आणि तिची उत्तरे सहसा चुकत नसत. एखादी गोष्ट तिला सांगितली की ती कशावरून खरी, हे विचारल्याशिवाय ती राहत नसे. घरातील वडीलधाऱ्यांना या सवयीचे कौतुक वाटे, आणि कधीकधी त्रासही होई.

अकराव्या वर्षी तिचे नाव सेंट पॉल या मुलींच्या शाळेत घालण्यात आले. त्या काळी मुलींना पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकविणाऱ्या शाळा इंग्लंडातही थोड्याच होत्या. ही त्यांपैकी एक होती, हे रोझलिंडचे भाग्य म्हणावयाचे. संगीत सोडले तर बाकी सर्व विषयांत तिने प्रावीण्य दाखविले. 1938 साली ती केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाली. शाळेने तिला शिष्यवृत्ती दिली होती; परंतु घरची स्थिती चांगली असल्याने ती रक्कम एखाद्या गरजू निर्वासित विद्यार्थ्याला द्यावी असे वडिलांनी सुचविले, आणि तसेच करण्यात आले. जर्मनीत त्या वेळी हिटलरने ज्यू लोकांचा भयंकर छळ मांडला होता. जीव वाचविण्यासाठी देशोधडीला लागलेली मुले इंग्लंडात येत होती. फ्रँकलिन कुटुंबाने अशा मुलांना आपल्या घरात आसरा दिला.

केंब्रिजमध्ये असताना एका फ्रेंच विदुषीशी रोझलिंडचा परिचय झाला. ॲड्रिएन वेल हे त्यांचे नाव. त्या मेरी क्यूरी यांच्या शिष्या होत्या आणि युद्धामुळे मायदेश सोडून आल्या होत्या. त्यांच्या सहवासात रोझलिंडने फ्रेंच भाषा उत्तम आत्मसात केली. 1941 साली तिने अंतिम परीक्षा दिली. परंतु परीक्षा उत्तीर्ण झाली तरी पुरुषांप्रमाणे पूर्ण पदवी स्त्रियांना देण्याची केंब्रिजमध्ये त्या वेळी पद्धत नव्हती. 1948 साली विद्यापीठाने हा नियम बदलला.

महायुद्ध ऐन भरात होते. प्रत्येकाने देशाच्या उपयोगी पडेल असे काही काम करावे, असा तो काळ होता. 1942 साली रोझलिंडबाई दगडी कोळशाच्या संशोधनसंस्थेत रुजू झाल्या. दिवसा त्या प्रयोगशाळेत काम करीत आणि रात्री हवाई हल्ल्यापासून नागरिकांचे रक्षण करणाऱ्या पथकात पहारा देत.

कोळसा म्हणजे काळा दगड. त्यात पाहण्यासारखे ते काय, असे कोणालाही वाटेल. पण बाईंनी त्यातही नवे काही शोधले. कोळशात अतिशय बारीक पोकळ्या असतात. काही कोळशांत या पोकळ्यांची तोंडे इतकी अरुंद असतात की हेलियमसारख्या वायूचे लहान कण आत शिरतात, पण मोठे कण बाहेरच अडतात. जणू ती कणांची चाळणीच! कोळसा तापविला की या चाळणीची भोके कशी बदलतात, हे त्यांनी मोजून दाखविले. याच कामावर 1945 साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते.

युद्ध संपल्यावर वेलबाईंच्या ओळखीने त्यांना पॅरिसच्या सरकारी प्रयोगशाळेत जागा मिळाली. 1947 ते 1950 ही चार वर्षे त्यांच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत सुखाची. तेथे झाक मेरिंग यांच्याकडून त्यांनी क्ष-किरणांनी पदार्थाची रचना शोधण्याची विद्या हस्तगत केली. काही प्रकारचे कोळसे प्रखर उष्णता दिली की पेन्सिलीतील ग्रॅफाइटसारखे मऊ होतात, तर काही कितीही तापविले तरी कठीणच राहतात. याचे कारण त्यांनी कणांच्या मांडणीत शोधून काढले. सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून त्या आल्प्स पर्वतात भटकावयास जात. कड्यावर चढताना न घाबरणारी ही बाई प्रयोगशाळेतही कोणाच्या अधिकाराला भीत नसे. वाद घालावयाचा तर पुराव्यानिशी आणि तोंडावर, अशी त्यांची रीत होती. फ्रेंच सहकाऱ्यांना ती रीत आवडे. लंडनमध्ये मात्र पुढे तिच्यामुळेच काही मने दुखावली.

येथे क्ष-किरणांच्या या विद्येविषयी थोडे समजून घेतले पाहिजे. रात्री छत्री उघडून तिच्या कापडातून दूरच्या दिव्याकडे पाहिले तर दिव्याभोवती प्रकाशाच्या ठिपक्यांची फुली दिसते. कापडातील उभ्याआडव्या धाग्यांमधून प्रकाश जाताना वळतो आणि ठराविक दिशांनाच जोर धरतो, म्हणून ही नक्षी उमटते. धागे जितके दाट, तितके ठिपके दूर दूर पडतात. म्हणजे कापड न पाहता, केवळ ठिपके मोजून, धाग्यांमधील अंतर सांगता येईल! पदार्थातील अणू हे या धाग्यांहून लाखो पटींनी जवळ जवळ असतात. त्यांच्यातून साध्या प्रकाशाने अशी नक्षी उमटत नाही. त्यासाठी क्ष-किरण लागतात. या किरणांची वाट अणूंच्या रांगांतून वळते आणि मागे ठेवलेल्या काचेवर किंवा फिल्मवर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून अणूंची मांडणी ओळखणे हे मात्र अत्यंत किचकट गणित असते. आजच्यासारखे संगणक त्या काळी हाताशी नव्हते. एकेका छायाचित्राचा हिशेब मांडण्यात महिनेच्या महिने जात.

जानेवारी 1951 मध्ये फ्रँकलिनबाई लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या. तेथील प्रमुख जॉन रँडल यांनी त्यांच्याकडे डीएनए या पदार्थाचे काम सोपविले. प्रत्येक सजीवाच्या पेशीत हा पदार्थ असतो. आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते याच्याच द्वारे, हे त्या सुमारास शास्त्रज्ञांना पटू लागले होते. परंतु त्याची रचना कोणास ठाऊक नव्हती. दुर्दैवाने कामाची वाटणी करताना रँडल यांनी घोटाळा करून ठेवला. तेथे मॉरिस विल्किन्स हे शास्त्रज्ञ आधीपासून याच विषयावर काम करीत होते. त्यांना वाटले, ही बाई आपल्या हाताखाली आली आहे. बाईंना वाटले, हे काम स्वतंत्रपणे आपल्याकडेच दिले आहे. रँडल यांनी बाईंना लिहिलेल्या पत्राची विल्किन्स यांना कल्पनाच नव्हती. दोघांचे स्वभावही भिन्न. बाई तडफदार व स्पष्टवक्त्या, तर विल्किन्स अबोल व संकोची. दोघांत बोलणे जवळजवळ बंद झाले. शिवाय त्या कॉलेजात वरिष्ठ पुरुष प्राध्यापक जेथे बसत, त्या दालनात स्त्रियांना प्रवेश नव्हता. जेवणानंतर चहाकॉफीच्या वेळी होणाऱ्या शास्त्रीय गप्पांना त्या मुकल्या.

मन रमत नसले तरी कामात त्यांनी कसूर केली नाही. रेमंड गॉसलिंग हा विद्यार्थी त्यांच्या मदतीस होता. डीएनएचा केसाहूनही बारीक धागा ओढून तो त्यांनी छोट्या कॅमेऱ्यात ताणून बसविला. पूर्वीच्या छायाचित्रांत सारे धूसर दिसे. असे का होते, याचा विचार करता बाईंच्या लक्षात आले की धाग्यातील ओलाव्यावर सारे अवलंबून आहे. त्यांनी कॅमेऱ्यातून दमट वायू खेळविला आणि क्षारांच्या द्रावणांच्या साहाय्याने त्याचा ओलावा हवा तसा राखला. तेव्हा उलगडा झाला. डीएनएची रूपे दोन होती! हवा थोडी कोरडी असता धागा आखूड व सुबक मांडणीचा होई, आणि ओलावा वाढताच तो लांबून दुसऱ्या रूपात जाई. आजवर ही दोन्ही रूपे एकाच छायाचित्रात मिसळत होती. त्यांना बाईंनी ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे दिली.

मे 1952 मध्ये ‘ब’ रूपाचे एक छायाचित्र घेण्यात आले. त्याचा क्रमांक 51. त्यासाठी क्ष-किरणांचा झोत बासष्ट तास सतत धाग्यावर सोडावा लागला. फिल्म धुतल्यावर तिच्यावर काळ्या ठिपक्यांची ठळक फुली दिसली. अशी फुली मळसूत्राच्या आकाराच्या वस्तूमुळेच उमटते. तिच्यावरून मळसूत्राचा एक वेढा 34 अँगस्ट्रॉम उंचीचा, आणि त्यातील एकेक पायरी 3.4 अँगस्ट्रॉम अंतरावर असल्याचे मोजता येत होते. अँगस्ट्रॉम हे अणूंच्या जगातील माप. एका मिलिमीटरात एक कोटी अँगस्ट्रॉम मावतात.

बाईंनी हे छायाचित्र बाजूला ठेवले. ‘अ’ रूपाच्या छायाचित्रांत ठिपके अधिक होते, म्हणून आधी त्याचे गणित पुरे करावे असा त्यांचा विचार होता. ‘अ’ रूप मळसूत्राकार नसावे, अशीही शंका त्यांना काही काळ आली. ही शंका पुढे चुकीची ठरली. पुरावा पूर्ण झाल्याशिवाय तर्काची उडी घ्यावयाची नाही, हा त्यांचा गुण येथे त्यांना महाग पडला.

कारण त्याच वेळी केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक हे दोघे तरुण डीएनएची प्रतिकृती उभारण्याच्या खटपटीत होते. त्यांनी स्वतः क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली नव्हती. जानेवारी 1953 च्या अखेरीस वॉटसन लंडनला आले असता विल्किन्स यांनी त्यांना 51 क्रमांकाचे छायाचित्र दाखविले. थोड्याच दिवसांनी किंग्ज कॉलेजच्या कामाचा एक अहवालही केंब्रिजच्या मंडळींच्या हाती पडला. त्यात फ्रँकलिनबाईंनी काढलेली मापे होती. ती पाहून क्रिक यांनी ताडले की डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींच्या उलट दिशांनी धावत असल्या पाहिजेत. तो अहवाल गुप्त नव्हता, छायाचित्रही विल्किन्स यांच्याकडे रीतसरच आले होते. तेव्हा याला चोरी म्हणता येणार नाही. पण जिच्या श्रमांतून हे सारे निर्माण झाले, तिला कोणी विचारले नाही, एवढे खरे. मार्च 1953 मध्ये प्रतिकृती उभी राहिली. गंमत अशी की, ती पाहण्यापूर्वीच बाईंनी आपल्या टाचणवहीत डीएनएच्या साखळ्या दोन आहेत, असा निष्कर्ष नोंदविला होता. 17 मार्च ही तारीख घातलेले त्यांच्या एका निबंधाचे हस्तलिखितही तयार होते. 25 एप्रिल 1953 रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात तीन निबंध एकापाठोपाठ प्रसिद्ध झाले. पहिला वॉटसन व क्रिक यांचा, दुसरा विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा, आणि तिसरा फ्रँकलिन व गॉसलिंग यांचा. वाचणाऱ्यांना वाटले की तिसरा निबंध पहिल्याला केवळ दुजोरा देण्यासाठी लिहिला आहे.

बाईंनी याबद्दल तक्रार केली नाही. तोपर्यंत त्यांनी किंग्ज कॉलेज सोडलेही होते. लंडनमध्येच बर्कबेक कॉलेज म्हणून एक संस्था आहे. दिवसा नोकरी करणारे लोक तेथे संध्याकाळी शिकावयास येतात. तेथील प्राध्यापक जे. डी. बर्नाल यांनी त्यांना बोलावून घेतले. इमारतीला युद्धातील बाँबहल्ल्याची झळ लागली होती. बाईंची खोली अगदी वरच्या मजल्यावर, तर क्ष-किरणांचे यंत्र तळघरात. दिवसातून कितीदा जिने चढावे उतरावे लागत, त्याची गणतीच नव्हती. अशा जागी बाईंनी आपले सर्वांत मोठे काम केले. तंबाखूच्या केवडा रोगाचा विषाणू त्यांनी अभ्यासासाठी घेतला.

1954 च्या सुरुवातीला जिन्यात त्यांची गाठ एका नव्या तरुण शास्त्रज्ञाशी पडली. त्यांचे नाव आरन क्लूग. बाईंची छायाचित्रे पाहताच क्लूग यांनी आपला पूर्वीचा विषय सोडून दिला. एकाचे छायाचित्रणात कौशल्य, दुसऱ्याची गणितात गती. अशी जोडी क्वचितच जमते. केनेथ होम्स व जॉन फिंच हे दोन विद्यार्थीही येऊन मिळाले. किंग्ज कॉलेजात एकाकी पडलेल्या बाईंना येथे मनासारखे सहकारी लाभले.

या विषाणूचा कण काठीसारखा सरळ असतो. त्याची लांबी 3000 अँगस्ट्रॉम आणि जाडी 180 अँगस्ट्रॉम. तीन हजारांहून अधिक कण टोकाला टोक लावून ठेवावेत, तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरेल! सर्व कणांची लांबी एकच असते, असे बाईंनी 1955 साली लिहिले, तेव्हा वनस्पतिविषाणूंचे एक ज्येष्ठ तज्ज्ञ फार संतापले. त्यांच्या मते कणांची लांबी कमीजास्त असते. त्यांनी बाईंना विषाणूंचा पुरवठा करणेही बंद केले. बाईंनी विषाणू दुसरीकडून मिळविले आणि काम पुढे चालू ठेवले. अखेर त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

त्या काठीच्या अंगात काय आहे? मक्याच्या कणसावर दाणे बसलेले असतात, तसे प्रथिनाचे सारखेच लहान लहान ठोकळे तेथे मळसूत्राच्या वळणाने एकावर एक रचलेले आहेत. तीन वेढ्यांत 49 ठोकळे बसतात. एका कणात असे सुमारे 2130 ठोकळे भरतात. वॉटसन यांनी याआधी हे मळसूत्र ओळखले होते, परंतु ठोकळ्यांची मोजणी त्यांना साधली नव्हती. ती बाईंनी दुरुस्त केली. कणाच्या मधोमध, बासरीला असते तशी, आरपार पोकळी असते. रोगाची सूचना ज्यात साठविलेली असते, ते आरएनए नावाचे न्यूक्लिइक आम्ल त्या पोकळीत असावे असा तर्क सहज सुचतो. बाईंच्या मापांनी तो खोटा ठरविला. आरएनएचा धागा पोकळीत नसून मध्यापासून 40 अँगस्ट्रॉम अंतरावर, प्रथिनाच्या ठोकळ्यांत रुतून वेढे घेत गेलेला असतो. बिया जशा फळाच्या गरात सुरक्षित असतात, तसा तो प्रथिनाच्या आत सुरक्षित असतो. थोड्याच प्रकारच्या ठोकळ्यांपासून, तेच ते पुन्हा पुन्हा वापरून, निसर्ग एवढी अवघड वस्तू कशी घडवितो याचा हा पहिलाच स्पष्ट दाखला होता.

1956 च्या उन्हाळ्यात बाई अमेरिकेच्या दौऱ्यावर होत्या. तेथे त्यांच्या पोटात दुखू लागले. परत आल्यावर तपासणी झाली आणि कर्करोगाचे निदान झाले. तेव्हा त्यांचे वय छत्तीस वर्षांचे होते. सप्टेंबर महिन्यात शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर काही दिवस त्या विश्रांतीसाठी केंब्रिजला फ्रान्सिस क्रिक यांच्या घरी राहिल्या. क्रिक पतिपत्नींशी त्यांचा चांगला स्नेह जमला होता. जुन्या शर्यतीचे शल्य त्यांनी मनात धरले नव्हते.

आता विश्रांती घ्यावी, असे कोणीही म्हटले असते. बाईंनी उलट अधिकच मोठे काम अंगावर घेतले. पोलिओ या रोगाने त्या काळी जगभर हजारो मुले पांगळी होत असत. त्याचा विषाणू काठीसारखा नसून गोल असतो. त्याचे स्फटिक मिळवून क्ष-किरणांनी त्याची रचना शोधावयाची, असा बेत ठरला. धोका स्पष्ट होता, कारण हे स्फटिक रोग पसरवू शकणाऱ्या विषाणूचेच होते. पैशाचीही अडचण होती. ज्या मंडळाकडून अनुदान मिळे, ते पुढील खर्चास तयार नव्हते. आपल्यामागे या तीन तरुणांचे काय होणार, ही चिंता त्यांना आजारापेक्षा अधिक होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे अर्ज करून त्यांनी मोठे अनुदान मिळविले आणि सहकाऱ्यांची तीन वर्षांची सोय लावून दिली. 1956 साली त्यांच्या गटाने सात निबंध प्रसिद्ध केले, 1957 साली सहा. दवाखान्यात जाणे आणि प्रयोगशाळेत येणे असे दोन्ही चालूच होते. आपल्या दुखण्याविषयी त्या फारसे बोलत नसत.

1958 साली बेल्जममधील ब्रुसेल्स शहरी मोठे जागतिक प्रदर्शन भरावयाचे होते. त्यातील विज्ञानदालनासाठी विषाणूची प्रतिकृती करून द्यावी, अशी विनंती बाईंना करण्यात आली होती. एवढ्या मोठ्या प्रतिकृतीसाठी शेकडो सारखे ठोकळे आणावयाचे कोठून? शेवटी सायकलच्या मुठींना बसविण्याच्या प्लॅस्टिकच्या टोप्या व टेबलटेनिसचे चेंडू असे साहित्य जमवून पाच फूट उंचीचा विषाणू उभा करण्यात आला. 17 एप्रिल 1958 रोजी प्रदर्शन उघडले आणि लोक तो विषाणू पाहू लागले. त्याच्या आदल्याच दिवशी, 16 एप्रिल रोजी, रोझलिंड फ्रँकलिन यांचे लंडन येथे निधन झाले होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते. मृत्युपत्रात त्यांनी क्लूग यांच्यासाठी तीन हजार पौंड आणि आपली मोटारगाडी ठेवली होती.

फिंच व क्लूग यांनी पोलिओच्या विषाणूचे काम नेटाने पुढे नेले. 1959 साली त्याच्या रचनेविषयीचा निबंध त्यांनी बाईंच्या स्मृतीला अर्पण केला. 1962 साली क्लूग यांनी डोनाल्ड कॅस्पर यांच्या साहाय्याने गोल विषाणूंचे कवच कसे रचले जाते याचा नियम मांडला. आपल्याकडील मुलांना कांजिण्या येतात त्या हर्पीस कुळातील एका विषाणूमुळे. याच कुळातील ओठांवर फोड आणणाऱ्या विषाणूच्या कवचाला तो नियम नेमका लागू पडतो. पंचकोनी व षट्‌कोनी तुकडे शिवून फुटबॉल तयार करतात, तसे ते कवच बनलेले असते. त्यातील बहुतेक जागी एकाच मोठ्या प्रथिनाचे पाच-पाच किंवा सहा-सहा ठोकळे एकत्र येतात. असे एकूण 955 ठोकळे लागतात, आणि त्यातील एकेक ठोकळा 1374 अमायनो आम्लांच्या साखळीची घडी घालून झालेला असतो. त्या घड्या कोठे कशा वळतात, हे 2018 साली गोठविलेल्या विषाणूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रे घेऊन अणूअणूपर्यंत दिसून आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून अशी रचना गणिताने उभी करण्याची पद्धत प्रथम क्लूग यांनीच घालून दिली होती. तिच्याबद्दल 1982 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या प्रसंगीच्या भाषणात त्यांनी फ्रँकलिनबाईंचे ऋण मान्य केले.

डीएनएच्या रचनेबद्दलचे नोबेल पारितोषिक 1962 साली वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना विभागून देण्यात आले होते. नोबेल पारितोषिक हयात व्यक्तींनाच दिले जाते आणि एका वेळी तिघांहून अधिकांत वाटले जात नाही. बाई त्या वेळी हयात असत्या तर काय झाले असते, याची चर्चा लोक अजूनही करतात. लंडनमधील विल्सडेन येथील ज्यू दफनभूमीत त्यांची समाधी आहे. तिच्यावरील शिलालेखात डीएनएचा उल्लेख नाही. विषाणूंवरील त्यांच्या संशोधनाचा आहे.